कराची ते जुहू

कृपाबाई नेवाशाच्या मिशन शाळेत चौथीला भूगोल शिकवायच्या आणि तीन वर्षांपासून कराचीतल्या एका विमान कंपनीच्या कारकुनाची वाट बघायच्या. डेव्हिड पाटोळे त्याचं नाव. साखरपुडा उरकून ऐन दुसऱ्या महायुद्धात तो नोकरीवर गेला, तो गेलाच. आता लढाई संपूनही वर्ष झालं होतं. पत्रं मात्र गोड यायची. रजा चारच दिवसांची मिळते, आगगाडीनं जाऊन येऊन आठ दिवस मोडतात, आणि विमानात कारकुनाला कोण बसू देतं? दर पत्रात हेच. भूगोलाच्या बाई असून कृपाबाईंनी ते खरं मानलं.

शेवटी त्यांचे वडील एलिया मास्तर वैतागले. "पुकारा झाला म्हंजी येतंय बघ झक मारत," म्हणाले, आणि डेव्हिडला न विचारताच पाळकांकडे नावं देऊन आले. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं पुकारायची, कुणाची हरकत आहे का विचारायचं, अशी रीत. दोन रविवार बिनबोभाट गेले. शेजारच्या झुंबरबाईंनी तर शेवया करायला घेतल्या.

त्याच आठवड्यात शाळेवरून एक विमान गेलं आणि पोरींनी विचारलं, "बाई, कराचीवरनं मुंबईला किती येळ लागतो इमानाला?" विमानवाल्याची होणारी बायको, आणि एवढं ठाऊक नाही! कृपाबाईंना लाज वाटली. त्यांनी कंपनीच्या मुंबई कचेरीला शाळेच्या नावानं पत्र टाकलं.

तिसऱ्या पुकाऱ्याच्या आदल्या दिवशी उत्तर आलं. लिहिणारा भला माणूस होता बिचारा. कराची ते मुंबईचा जुहू विमानतळ साडेपाचशे मैल, साडेतीन तास. खाली आपणहून पुढे लिहिलं होतं : 'आमच्या कराची कचेरीतले श्री. डेव्हिड पाटोळे तुमच्याच जिल्ह्याचे. दर पंधरवड्याला आमच्याच विमानानं येतात. त्यांची बायको आणि मुलगी दादरला असतात. त्यांना एकदा शाळेत यायला सांगू का?'

कृपाबाईंनी पत्र चारदा वाचलं. रडू आलं नाही, संताप आला, आणि तो आधी स्वतःचाच आला. एका लुच्च्याच्या थापेवर तीन वर्षं घालवली! वडिलांना सांगायला त्या दोनदा उठल्या. मास्तर ओसरीवर बसून पाहुण्यांना पत्रं लिहीत होते. त्यांचा खुललेला चेहरा बघून सांगवेना.

रविवारी पाळकांनी नावं वाचली. "या विवाहास कुणाची हरकत असल्यास आताच सांगावी."

बायकांच्या बाजूला कृपाबाई उभ्या राहिल्या. झुंबरबाईंनी पदर ओढला. "अगं, बस की खाली! नवरी उठती व्हय कधी?"

"हरकत माझी आहे," कृपाबाई म्हणाल्या. "त्याचं लग्न झालंय. मुलगी आहे त्याला मुंबईत."

पुढच्या बाकावरून एलिया मास्तर वळले. "काय बोलतीस पोरी? त्याला हिकडं यायाला सवड न्हाई, अन् संसार कवा मांडला त्यानं?"

"साडेतीन तास लागतात, बाबा," त्या म्हणाल्या. "आठ दिवस फक्त आपल्यासाठी होते."