काकूची पावलं

बोर्ली पंचतनच्या एस.टी. थांब्यासमोर तात्यांची खाणावळ होती. त्यांची मुलगी श्यामला स्वयंपाकाचं शिकायला मुंबईच्या कॉलेजात गेली, यावर गावाने वर्षभर हसून घेतलं. घरात अनुसूयाकाकूसारखी सुगरण असताना पोरीला आमटी शिकायला मुंबईला धाडणाऱ्या बापाचं डोकं ठिकाणावर नाही, असं लोक तात्यांच्याच पंगतीत बसून, काकूचीच आमटी भुरकत म्हणत.

काकू मात्र हसली नाही. पोरीचं तिला कौतुकच होतं, आणि हसण्याइतकं तिचं मन मोकळंही नव्हतं. ती तात्यांच्या चुलतभावाची विधवा. वीस वर्षं खाणावळीची चूल तिच्या हातात होती. माघात ती बल्लाळेश्वराच्या दर्शनाला म्हणून पालीला गेली, तेव्हा तिथे धर्मशाळेत भरलेल्या डोळ्यांच्या शिबिरातही जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल. काकूने घरी देवाचा प्रसाद आणला, बाकीचं पोटात ठेवलं. दिसत नाही म्हटलं की चूल सुटणार, आणि चूल सुटली की या घरात आपण कोण, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

तसं तिचं काही अडत नव्हतं. स्वयंपाकघर लांबलचक आणि अगदी गैरसोयीचं होतं. चूल एका टोकाला, पाटा-वरवंटा दुसऱ्या टोकाला, तांदळाची कणगी माजघरात, पाणी मागल्या पडवीत. पण यातली एकही वस्तू वीस वर्षांत हललेली नव्हती. मीठ दगडी भांड्यात, चिंच काळ्या मडक्यात, हळद कान तुटलेल्या बरणीत. बोट लागलं की काकूला कळायचं. चुलीपुढे बसल्यावर आधणाचा आवाज आणि फोडणीचा वास तिला पुरत असे. समोर धुकं दाटलेलं असायचं आणि त्या धुक्यात ती रोज साठ पानं वाढून मोकळी होई.

दिवाळीच्या सुट्टीत श्यामला आली ती मोजपट्टी, घड्याळ आणि कागदांची गुंडाळी घेऊन. चालू खाणावळीचं स्वयंपाकघर कमी कष्टाचं कसं करता येईल, याचा आराखडा तिला वर्षाच्या परीक्षेसाठी काढायचा होता. ती कोपऱ्यात पाटावर बसली आणि काकू जिथून जिथे जाईल तिथे कागदावर रेघ ओढू लागली. दुपारपर्यंत त्या कागदाचं गुंतलेलं जाळं झालं.

"काकू, चुलीपासून पाट्यापर्यंत किती गं पावलं? पुन्हा एकदा जातेस का?"

"जायचं कशाला? अकरा," काकू म्हणाली.

"आणि कणगी?"

"उंबऱ्यापर्यंत नऊ, पुढे सहा. पडवीतल्या पिंपापर्यंत सतरा. भरली घागर असली तर वीस."

श्यामला लिहायची थांबली. "तू मोजून ठेवलीस?"

"वीस वर्षं चालले बाई. पाठ होणार नाहीत?"

तिने हे मोठ्या ऐटीत सांगितलं. खरं तर तिथेच तिने गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिचं बोलणं कागदावर उतरवून घेत होतं. पोरगी विचारत गेली आणि काकू सांगत गेली. मिठापर्यंत किती, मोरीपर्यंत किती, कोळणीने दारात ठेवलेल्या मासळीच्या टोपलीपर्यंत किती. एकाही आकड्याला ती अडखळली नाही.

रात्री श्यामलाने बेरीज केली आणि वडिलांपुढे कागद ठेवला. "तात्या, काकू रोज चार हजारांवर पावलं उगीच चालते. तिच्या गुडघ्यांचा विचार केलाय का आपण कधी?"

तात्या मनाने चांगला माणूस. आपण इतकी वर्षं वहिनींना राबवलं, याची त्यांना खरीच लाज वाटली. आराखडा कॉलेजात पहिला आला, तेव्हा तर त्यांनी ठरवूनच टाकलं. मे महिन्यात खाणावळ पंधरा दिवस बंद ठेवली आणि काकूला विश्रांतीसाठी तिच्या भावाकडे तळा गावी पाठवलं. का, ते सांगितलं नाही. पोरीची ती गंमत होती.

काकू परतली तेव्हा दारात धर्मा गवंडी हात धूत उभा होता. "काकू, आता तुमाला चालायचं कामच न्हाय. समदं हाताशी हाय," तो म्हणाला.

श्यामलाने हात धरून तिला आत नेलं. मधली भिंत गेली होती. जिथे चूल होती तिथे मोकळी फरशी लागली. उभ्याने रांधायचा ओटा, त्यावर दोन चुली, वर धुराडं, शेजारी नळ. आणि समोरच्या फळीवर बारा डबे, एकाच मापाचे, एकाच पत्र्याचे. प्रत्येकावर श्यामलाने सुवाच्य अक्षरात नाव लिहून चिकटवलं होतं.

"जुनी भांडी?" काकूने विचारलं.

"दिली टाकून. फुटकी तर होती सगळी. आवडलं ना?"

काकूने ओट्यावरून हात फिरवला. तो गार आणि गुळगुळीत होता, कुठे खाच नाही, खूण नाही. पोरीने हे आपल्यावरच्या मायेने केलं, हे तिला कळत होतं. "छान आहे हो," ती म्हणाली.

चार दिवस तिने कसेबसे काढले. पहाटे सगळे उठायच्या आत ती एकेक डबा उघडून हुंगून ठेवी, त्यांची ओळ पाठ करी. पण श्यामला रोज टिपणं काढून डबे हलवत होती. ज्याला जास्त हात लागतो तो पुढे, असं कॉलेजात शिकवलं होतं. दोनदा हात भाजला, तो काकूने पदराखाली लपवला.

पाचव्या दिवशी श्रीवर्धनची गाडी लागली आणि पंगत बसली. श्यामला घड्याळ घेऊन शेजारी उभी होती. फोडणीतली मोहरी तडतडली.

"काकू, हळद."

काकूने फळीकडे हात नेला आणि तो तसाच हवेत राहिला. एकेक डबा उघडून हुंगायला वेळ नव्हता. मोहरीचा करपट वास सुटला.

"काकू, तिसरा डबा. लिहिलंय की त्याच्यावर."

"कुठे लिहिलंय गं?" काकूने हळूच विचारलं.

श्यामलाने घड्याळ खाली ठेवलं. तिने काकूच्या डोळ्यांपुढे हात हलवला, अगदी जवळून. मग पदराखालचा भाजलेला हात तिला दिसला.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली. त्या स्वयंपाकघरात माझं चालत होतं, श्यामे. तुला सांगितलं असतं तर तू तात्यांना सांगितलं असतंस."

श्यामला रडायला लागली. सगळं पुन्हा होतं तसं करू, म्हणाली. पण भिंत पडली होती, मडकी उकिरड्यावर गेली होती, आणि मुख्य म्हणजे आता घराला कळलं होतं. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वहिनी, पुरे झालं आता. तुम्ही या घरच्या आहात, घरच्यासारख्या बसून खा. आगीजवळ तुम्हाला उभं करून मला कुठे तोंड दाखवायचं?" ते रागावले असते तर काकू भांडली तरी असती.

दोन दिवसांनी गावातलीच रतन कामाला आली. तरणीताठी, हाताने चलाख. नव्या ओट्यावर तिचं झटक्यात जमलं. श्यामला कॉलेजला परत गेली. जाताना काकूच्या पाया पडली आणि तिच्याने मान वर करवेना.

काकू पडवीत पाटावर बसून होती. आतून भांड्यांचे आवाज येत होते. पंगतीची वेळ झाली, तसा तात्यांचा आवाज आला, "रतन, आधी वहिनींचं ताट वाढ. मग गिऱ्हाइकं."

वीस वर्षं काकू सगळ्यांच्या मागून जेवली होती. शेवटचा माणूस हात धुवून उठला की उरलंसुरलं घेऊन ती बसे, आणि तेव्हा कडकडून भूक लागलेली असे. रतनने ताट आणून ठेवलं, तिचा हात धरून वाटीला लावला. "काकू, हिकडं आमटी हाय. सावकाश जेवा."

काकूने भात कालवला, पहिला घास घेतला. आमटीत मीठ कमी होतं. आत साठ पानं मांडून झाली होती आणि रतन वाढायला निघाली होती. काकूने तिला हाक मारण्यासाठी तोंड उघडलं, मग घास गिळला आणि खाली मान घालून जेवत राहिली.