एका जागेला दोन अर्ज

आमच्या डोंगरातल्या नारीन शहराच्या विद्यापीठात शिक्षकाची जागा दर पाच वर्षांनी नव्याने जाहीर होते. पेपरात जाहिरात येते, मी अर्ज करते, परिषद मतं देते आणि मी पुन्हा माझ्याच खुर्चीत येऊन बसते. पाचदा हेच झालं. ही जाहिरात नावापुरती असते हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

जिपारला ठाऊक नव्हतं. माझीच विद्यार्थिनी, मला एजे, म्हणजे ताई, म्हणणारी. सात वर्षं जर्मनीत राहून कुरणातल्या गवतावर डॉक्टरेट करून आली होती. मी चहा आणि बोरसोक, म्हणजे तळलेले कणकेचे तुकडे, पुढे ठेवले. गप्पा झाल्यावर ती म्हणाली की वनस्पतिशास्त्राची जागा निघालीय, शिफारसपत्र हवंय.

ती जागा माझी होती, पण तसं मी तिला सांगितलं नाही. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पेन्शनला तीन वर्षं उरलेली, आता हाकललं तर मी करू काय? घरी बसून नवऱ्याचं तोंड बघत बसू? पण पत्र लिहायला घेतलं तर खोटं लिहवेना. माझ्या हाताखालून गेलेली ती सगळ्यात हुशार पोर. दाराशी तिने आशीर्वादासाठी ओंजळ पसरली, तीही नाकारता येईना.

कुबातला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं तर तो पोट धरून हसला. "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास, आणि वर त्या धोंड्याला आशीर्वादही दिलास!"

दोन्ही उमेदवारांनी परिषदेपुढे नमुन्याचं व्याख्यान द्यायचं असतं. पहिल्या रांगेत मला बघून जिपार पांढरीफटक पडली. अर्ज मागे घेते म्हणून कुजबुजायला लागली.

"गप बस," मी म्हटलं. "दिलेला आशीर्वाद परत घ्यायची आपल्यात रीत नाही. जा, बोल."

ती बोलली. सुरेख बोलली, आणि मला राग आला तो त्याचाच. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा मी मुद्दाम अवघड जागी बोट ठेवलं. जुलैतलं गवत मोजलंस, पण सप्टेंबरात कळप खाली उतरल्यावर त्या मुळांचं काय होतं?

जिपार म्हणाली, "माहीत नाही, एजे. कुणालाच माहीत नाही. ते शोधायलाच मला ही जागा हवी होती."

त्या सभागृहात तीस वर्षं बसतेय मी. 'माहीत नाही' म्हणणारं कुणी ऐकलं नव्हतं. मी स्वतःही कधी म्हटलं नव्हतं. मुळांचं काय होतं हे मलाही माहीत नव्हतं, आणि किती वर्षांत ते जाणून घ्यावंसंही वाटलं नव्हतं. त्याची मला लाज वाटली.

माझी पाळी आली. मी उठून सांगितलं की माझं व्याख्यान तुम्ही पाचदा ऐकलंय, सहाव्यांदा छळत नाही. ही जागा जिपारला द्या. विभागात संशोधन सहायकाची अर्धी जागा दोन वर्षं कुणी घेत नाहीये, ती मला द्या.

विभागप्रमुख असानकुलांनी चष्मा काढला. सायराकान एजे, त्या कामाला घोड्यावरून वर कुरणात जावं लागतं, म्हणाले. ते मला का सांगता, मी म्हटलं, घोड्यावर बसायला तुमच्या आधी शिकलेय मी.

दोघींनाही एकमताने घेतलं. सप्टेंबरची चौदा तारीख आहे आज, कळप खाली उतरलेत आणि मी वर कुरणात आहे. गुडघे ठणकतायत, बोटं गारठलीयत, जिपार खालून हाका मारतेय की पुरे करा, चहा निवतोय. मी तिला म्हटलं, थांब गं, अजून एक मूळ खणायचंय.