कापलेली बटणं

गठ्ठा सोडला आणि भपकारा आला. पुराच्या चिखलाची नाकाला सवय झाली होती. हा वास वेगळा होता, कुणाच्या तरी माळ्यावर कुजलेल्या कपड्यांचा. शहरातल्या मोठ्या चर्चने आमच्या चर्चला मदत म्हणून ट्रक भरून पाठवला होता. मी शिवणकाम करते, म्हणून निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एकेकटे मोजे, काखेत पिवळे पडलेले शर्ट, चमकी लावलेला नाचाचा फ्रॉक. हा घालून चिखल उपसायचा का, असं मी फादरांना विचारलं. दिलंय ते गोड मानून घ्यावं, असं ते पुटपुटले, पण माझ्याकडे न बघता.

मला त्या दिवशी एकच कपडा हवा होता. सासूबाई पहाटे पूरग्रस्तांच्या छावणीत वारल्या. पुरातून वाचल्या आणि छातीतल्या कफानं गेल्या. नवरा खड्डा खणायला गेला होता, दुपारी दफन होतं, आणि सासूबाईंच्या अंगावर दारूची जाहिरात छापलेला कुणाचा तरी टी-शर्ट होता. जन्मभर गळ्यापर्यंत बटणं लावून वावरलेली बाई. माझं वरचं बटण उघडं दिसलं की चारचौघांत टोकायच्या. आमचं कधी पटलं नाही, पण त्यांना त्या जाहिरातीसकट मातीत ठेवणं मला जमणार नव्हतं.

तळाशी एक काळा पोशाख सापडला. सुती, लांब बाह्यांचा, एक डाग नाही. मला हायसं वाटलं. मग उलगडून बघते तर गळ्यापासून कमरेपर्यंत नुसती काजं. बटणं तुटलेली नव्हती, कात्रीनं कापून घेतलेली होती. मी आणखी कपडे उपसले. सगळ्या गठ्ठ्याची तीच गत. कुणीतरी दान करण्याआधी निवांत बसून बटणं काढली होती आणि डबीत भरून ठेवली होती. मी बाहेर जाऊन थुंकले.

फादर मागोमाग आले. मी पोशाख त्यांच्यापुढे धरला.

"बघा फादर. कपडे देवाला, बटणं स्वतःला."

"पिना लावून नाही का चालणार?"

"मला चालेल. त्यांना नाही चालायचं. तुम्हाला माहितेय त्या कशा होत्या."

माहीत होतंच. एकदा रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेआधी सासूबाईंनी त्यांनाही दारात अडवून गळ्याचं बटण लावायला लावलं होतं. फादरांनी अंगातल्या झग्याकडे, त्यावरच्या बटणांच्या रांगेकडे पाहिलं. तेवढा एकच उरला होता, बाकीचे पाण्यात गेले होते. त्यांनी कात्री मागितली.

"राहू द्या," मी म्हटलं. "मी काढते. तुम्ही कापड फाडाल."

दफनाच्या वेळी वारा सुटला होता. फादर एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातानं झगा आवळून प्रार्थना म्हणत होते. ट्रकबरोबर आलेला माणूस फोटो काढत होता. नंतर तो फादरांना म्हणाला, तुमच्यासाठी चांगला झगा पाठवून देऊ.

"पाठवा," फादर म्हणाले. "बटणांसकट."

सासूबाईंवर मी माती टाकली. गळ्यापर्यंत सगळी बटणं लागली होती. माझं वरचं बटण सकाळपासून उघडंच होतं, आणि कुणी टोकलं नव्हतं.