पथकप्रमुखाची सही

मंगळवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी प्रा. रमिला पाडवी परीक्षेच्या भरारी पथकाच्या बोलेरोत पुढच्या सीटवर बसल्या आणि त्यांनी दार आतून लावून घेतलं.

नंदुरबारच्या विद्यापीठ उपकेंद्रात नऊ वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. पथकात दोघं असतात, एक प्रमुख आणि एक महिला सदस्य. मुलींची झडती बाईनेच घ्यावी असा नियम, म्हणून बाई लागतेच. ती मागे बसते, केंद्रावर मुलींच्या बाह्या, ओढण्या, कंपास तपासते आणि प्रमुखाने लिहिलेल्या अहवालाखाली नेमून दिलेल्या जागी सही करते. रमिलाबाईंनी नऊ वर्षं तेच केलं होतं. प्रमुख तेवढे बदलत गेले. यंदाचे योगेंद्र पाटील तर नोकरीत त्यांच्याहून सात वर्षांनी धाकटे.

चालक गोकुळने त्यांच्याकडे दोनदा पाहिलं. "मॅडम, सर कोठे बसतीन?"

"मागे. मी बसायचे तेव्हा कुणी विचारलं नाही."

"नही, मी आपलं इचारं."

योगेंद्र अहवालाची फाईल काखेत मारून आले आणि थबकले. "मॅडम, मागे गाडी लागते का तुम्हाला?"

"घाटातल्या गाड्यांच्या टपावर बसून शिकले मी, सर. मला कसली गाडी लागते?"

त्यांनी पर्समधून दोन कागद काढून खिडकीतून त्यांच्या हातात दिले. पहिला परीक्षा विभागाचं परिपत्रक: पथकप्रमुख सेवाज्येष्ठतेने नेमावा. दुसरा मागच्या शुक्रवारची समतेची शपथ. सभागृहात साठ कर्मचाऱ्यांनी हात पुढे करून ती घेतली होती आणि वाचून दाखवायचं काम रमिलाबाईंकडे होतं. त्यातली तिसरी ओळ अशी: जबाबदारीचं काम देताना मी स्त्री-पुरुष असा भेद करणार नाही. उपकेंद्राचे संचालक चुडामण सर त्या दिवशी फोटो नीट यावा म्हणून अगदी पुढे उभे होते.

आठ वाजता तेच चुडामण सर हातात चहाचा कप घेऊन खाली आले. कागद त्यांनी वाचले नाहीत, नुसते उलटून पाहिले.

"पाडवी मॅडम, शपथ वेगळी, ऑर्डर वेगळी."

"शुक्रवारी सगळ्यात उंच हात तुमचाच होता, सर."

गोकुळ खाली उतरून घाईघाईने काच पुसायला लागला. हसू लपवायला त्याला तेवढंच सुचलं.

"अहो, अक्कलकुव्याकडचा भाग. कॉपी पकडली की पोरं गाडी अडवतात, दगड मारतात. बाईमाणसाला पुढे कसं करायचं? तुमच्याच काळजीपोटी सांगतो."

"त्याच भागात माझं घर आहे. काठी गावाहून बाजाराला यायचे मी आईबरोबर, डोक्यावर ओझं घेऊन. तेव्हा करायची होती काळजी."

चुडामण सर खिडकीशी वाकले. आवाज खाली आला. "पुढच्या महिन्यात तुमची बढतीची मुलाखत आहे. शेरा मी लिहिणार आहे."

रमिलाबाई ते विसरल्या नव्हत्या. सहयोगी प्राध्यापकपदाची त्यांची फाईल सहा वर्षं रेंगाळून आत्ता कुठे या माणसाच्या टेबलावर आली होती. घरून निघताना, कुलूप लावतानाही, मनात तीच होती. पण त्याच्याही खाली दुसरं काहीतरी रुतलेलं होतं. आज जायचं होतं त्याच केंद्रावर मागच्या वर्षी मुलांच्या खोलीत खिडकीखाली त्यांनी कॉप्यांचा गठ्ठा पाहिला होता. सांगितलं तर तेव्हाचे प्रमुख म्हणाले, मॅडम, तुमचं काम मुलींचं. अहवालात कारवाई आली ती एकट्या एका मुलीवर. डोंगरातली पोर, तळहातावर चार सूत्रं लिहिलेली. तो हात रमिलाबाईंनीच उघडायला लावला होता. पोरीचं वर्ष गेलं, पुढे ती आईबापांबरोबर गुजरातेत मजुरीला गेली. आणि त्या अहवालाखाली रमिलाबाईंची सही होती.

"लिहा शेरा," त्या म्हणाल्या.

चुडामण सरांनी कप गाडीच्या बॉनेटवर ठेवला. घड्याळ पाहिलं. "बरं, बसा पुढे. एवढंच ना? अहवाल योगेंद्र लिहितील, सही तेच करतील. विषय संपला."

रमिलाबाईंनी दार उघडलं आणि खाली उतरल्या. चुडामण सर हसले. तेवढ्यात रमिलाबाईंनी योगेंद्रच्या काखेतली फाईल ओढून घेतली आणि मागचं दार उघडलं.

"बसा सर पुढे. सीट तुम्हीच ठेवा. फाईल माझ्याकडे राहील. गोकुळभाऊ, काढा गाडी, साडेनऊचा पेपर आहे."

गोकुळने एकदा साहेबांकडे पाहिलं, मग बॉनेटवरचा कप उचलून अदबीने त्यांच्या हातात दिला. "साहेब, उशीर व्हई जाई," म्हणाला आणि गाडी सुरू केली.

पावणेदहाला केंद्रावर पोचल्यावर केंद्रप्रमुख लगबगीने पुढे आले. "मॅडम, मुली पलीकडच्या खोलीत."

"माहीत आहे. आधी इथून."

मुलांच्या खोलीत सहा कॉप्या सापडल्या. एक मुलगा त्यांच्याच बोलीत काहीतरी पुटपुटला. बाईंना कळणार नाही अशी त्याची खात्री होती. त्यांनी त्याच बोलीत उत्तर दिलं, तसा तो उत्तरपत्रिका देऊन खाली मान घालून उभा राहिला. मुलींच्या खोलीत काही मिळालं नाही. दगड कुणी मारला नाही.

अहवाल रमिलाबाईंनी लिहिला आणि पथकप्रमुख या शब्दावर सही केली. खाली छापील जागा एकच उरली होती: महिला सदस्य.

योगेंद्र पेन बोटांत फिरवत राहिले. "मी इथे सही करू?"

"मी नऊ वर्षं केली. काही होत नाही."

त्यांनी महिला हा शब्द खोडला आणि सही केली. परतताना तळोद्याला चहा घेताना म्हणाले, "चुडामण सर मला सोडणार नाहीत."

"मला तर नाहीच सोडणार. तेवढीच सोबत."

बुधवारी दुपारी रमिलाबाईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली: कोणत्या अधिकारात सही केली? उत्तर त्यांनी त्याच दिवशी दिलं, चार ओळींचं. सोबत परिपत्रक आणि शपथ जोडली. योगेंद्रना नोटीस आलेली नाही. मुलाखतीची तारीख सूचनाफलकावर लागली आहे, यादीत नावं अजून भरलेली नाहीत. सहा उत्तरपत्रिकांची पोच विद्यापीठाने दिली. अहवाल स्वीकारला की फेटाळला, हे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवलेलं नाही.

शनिवारच्या पथकाचं पत्र मात्र आलं आहे. त्यात तारीख आहे, केंद्राचं नाव आहे, गाडीचा नंबर आहे. पथकप्रमुखापुढची जागा कोरी आहे.