लोट्यातला समुद्र

सागरनाथ महाराजांनी तांब्याच्या लोट्यावरचा नारळ उचलला आणि नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीतला भरलेला हॉल गप्प झाला. मग वास आला. ओहोटीला किनाऱ्यावर येतो तसा, खारा, शेवाळी. समुद्र इथून शंभरावर किलोमीटर लांब!

"माझा शेखर!" उज्वलाताई किंचाळल्या. बायका रडू लागल्या.

"ओळखलंत ना, माउली?" महाराज म्हणाले. "पाणी रामकुंडाचं, मग समुद्र आला कुठून? लेकरू घेऊन आलं! आत्म्याला ना तिकीट लागतं, ना नेटवर्क!"

शेखर मालवाहू जहाजावर नोकरीला होता. आठ महिन्यांपूर्वी वादळात डेकवरून पडला, सापडला नाही. आई अजून वाट बघत होती.

मी त्यांचा शेजारी. सगळी नोकरी नोटांच्या छापखान्यात तपासणीत गेली, त्यामुळे विश्वास चटकन बसत नाही. लोटा महाराज स्वतः भरून, मेणानं बंद करून आणत आणि तीन दिवस समईजवळ ठेवायला लावत. तीर्थ फक्त शिंपडत, पिऊ देत नसत. एक शिंतोडा माझ्या ओठावर उडाला. मी चाटून पाहिला. गोदावरी खारट कधीपासून झाली?

निघताना महाराजांनी उज्वलाताईंना दुसरा लोटा दिला आणि म्हणाले, "पोरगं उंबऱ्यापर्यंत येतं, आत येत नाही. सुनेचा पायगुण आडवा येतो. रविवारी मी येईपर्यंत तिला माहेरी धाडा. कायमची."

सून वेदिका, शेखरची बायको, विंचूरच्या वाइन पार्कात प्रयोगशाळेत काम करते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माझी बेल वाजवली. "काका, येता का? साक्षीदार हवाय."

उज्वलाताई लोट्यापुढे बसल्या होत्या.

"आई, तुम्ही म्हणालात तर मी जाईन," वेदिका म्हणाली. "आधी एवढं करू द्या. हे पाणी हलवून दोन बाटल्यांत भरते. एक उकळून गार करते, दुसरी तशीच ठेवते. दोन्ही समईजवळच राहतील. शेखर आला असेल तर दोन्हींत येईल."

"त्याला उकळणार तू?"

"त्याला नाही, आई. पाण्याला."

मग उज्वलाताईंनी स्वतःच मेण फोडलं. संशय त्यांनाही असावा, तो बोलून दाखवायची हिंमत नव्हती.

रविवारी हॉल पुन्हा भरला. उज्वलाताईंनी एक बाटली पुढे केली.

"लोटा कुठंय?" महाराज दचकले.

"आत्म्याला भांडं कशाला लागतं?"

महाराजांनी मंत्र पुटपुटत बूच काढलं. वास नाही. "बघा! सुनेचा हात लागला, पोरगं परत गेलं!"

"आता ही उघडा." उज्वलाताईंनी दुसरी बाटली दिली.

दुसरीतून भपकन समुद्र बाहेर आला.

"हीसुद्धा तिनंच भरलीय," उज्वलाताई म्हणाल्या. "मग हिच्यात कसा आला माझा शेखर? पहिली उकळली होती, महाराज. उकळल्यानं आत्मा मरतो?"

महाराज चपला शोधू लागले.

वेदिका लोकांकडे वळली. "पाणी समुद्राचं आहे आणि तळाशी समुद्री शेवाळाची भुकटी. त्या शेवाळात गंधकाचं एक संयुग असतं. समुद्रातले जिवाणू त्याच्यावर जगतात. त्यांच्यातली एंझाइमं ते संयुग तोडतात आणि वासाचा वायू सुटतो. किनाऱ्यावरच्या वासात तोच असतो. समईची ऊब मिळाली की काम जोरात चालतं. उकळलं की जिवाणू मरतात, एंझाइमं निकामी होतात आणि वास बंद."

संध्याकाळी मी आणि वेदिकानं पोलिसांत लेखी तक्रार दिली. परतलो तेव्हा उज्वलाताई दारातच होत्या.

"म्हणजे तो आलाच नव्हता."

"नाही, आई."

आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या 'शेखर गेला' असं म्हणाल्या आणि वेदिकाला मिठी मारून रडल्या.

दुःखात बुडालेल्या माणसाला भोळं म्हणून हसू नका. त्याच्या दारी कुणी चमत्कार घेऊन आलं, तर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, "हे उघडून, तपासून पाहू का?" खऱ्याला तपासणीची भीती नसते. चमत्कार आणणारा जो 'नको' म्हणेल, त्याला तिथूनच परत पाठवा.