दुसरी गोलकीपर

चौथा गोल क्षितिजाच्या दोन पायांमधून गेला, तेव्हा सदानंदने काचेवर टेकलेला हात मागे घेतला. काळी रबरी चकती बर्फावरून रडतखडत आली होती. क्षितिजाने ती येताना नीट पाहिली आणि मग गुडघा टेकला, पुरेशा उशिरा.

महिन्याभरापूर्वी सदानंदला आइस हॉकीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता रोज दुपारी रियाधच्या या मॉलमधल्या रिंकवर येऊन तो चांगला जाणकार झाला होता, निदान स्वतःच्या मते. आपली पंधरा वर्षांची मुलगी मुद्दाम गोल खाते आहे, हे त्याला कळत होतं. का, ते कळत नव्हतं. पुढच्या महिन्यात जेद्दाला स्पर्धा होती. गोलकीपरची जागा एकच, आणि त्या जागेसाठीचं नाव आज पाठवलं जाणार होतं.

"क्षितिजाला बरं नाय काय आज?" शेजारी उभ्या फकरुद्दीनने विचारलं. तो दापोलीकडचा, इथे त्याचं कापडाचं दुकान होतं. त्याची मुलगी इकरा ही संघातली दुसरी गोलकीपर. ती बाकावर बसून होती.

"बरी आहे की."

"मग ध्यान नसंल. होतं असं, सदानंदभाई." त्याने खजुराचा डबा पुढे केला.

सदानंदने खजूर घेतला नाही. मंगळवारी क्षितिजा याच माणसाशी कोपऱ्यात बोलत होती, आणि सदानंद जवळ जाताच दोघं गप्प झाली होती. एवढा गोड बोलणारा माणूस उगाच गोड बोलत नसतो, असं त्याचं ठाम मत झालं.

मॅच संपली. क्षितिजा बाकावर बसून पायांचे पॅड सोडू लागली. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"इकराच्या बाबांनी काय पढवलंय तुला?"

"काही नाही. मीच विचारलं त्यांना, इकराला जेद्दाला पाठवाल का म्हणून."

"ती जागा तुझी आहे. तुला कोणी सांगितले हे नसते उद्योग?"

क्षितिजाने पट्टा ओढला. "बाबा, मी जेद्दाला जाऊ शकणार आहे का?"

"म्हणजे?"

"आधी तू माझ्या एकाही मॅचला आला नव्हतास. सारखी मीटिंग असायची. आता वर्किंग डेला तीन वाजता इथे असतोस, रोज." ती हळू बोलत होती. "नाव गेलं की बदलता येत नाही. मग आपण इंडियाला गेलो, तर गोलमध्ये कोण उभं राहणार?"

सदानंदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बँकेने त्याला काढलं होतं. त्याची बायको विभावरी अजून रोज सकाळी त्याच्या हातात डबा देत होती, आणि डबा घेऊन तो शहरभर गाडी फिरवत होता. दुसरी नोकरी लागेल आणि तिला कळायचीही गरज पडणार नाही, असा त्याचा हिशेब होता. इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपत आला होता आणि नोकरीचा पत्ता नव्हता.

"आईला बोललीस?"

तिने मान हलवली. नाही.

तेवढ्यात कोच मेहनाज आली. ती लखनौची, तिच्याशी सगळे हिंदीतच बोलत.

"सदानंदजी, एक दिन तो सबका ख़राब जाता है. मैं क्षितिजा का ही नाम भेज रही हूँ. बस आपकी हाँ चाहिए."

हो म्हटलं असतं तर आणखी काही दिवस निभावून गेलं असतं. पलीकडे फकरुद्दीन वाकून इकराच्या बुटांच्या नाड्या सोडत होता. इकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"इकरा का भेजिए," सदानंद म्हणाला. "हम लोग जा रहे हैं. फायनल एक्झिट. मेरी नौकरी चली गई."

मेहनाज काहीतरी समजुतीचं बोलली. त्याला ते ऐकू आलं नाही. एवढं बोलायला त्याला महिना लागला होता, आणि बोलला तो एका परक्या बाईशी.

क्षितिजाने त्याचा हात धरला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"आता आईला," ती म्हणाली.