अंगड्याची मूठ

बोटभर रुंदीची ती पट्टी तळहातावर पडली होती आणि तिच्यावरचं तांबडं चीट इतकं विटलं होतं, की बुट्टी कुठली आणि डाग कुठला ते कळेना. हे नागूबाईच्या परकराचं… नाही, नागूबाईचं निळं होतं. हे सारजाबाईचं. देताना आधी तिनं नाक मुरडलं होतं आणि मग टरकन फाडून दिलं होतं. कडूबाईनं पट्टी चिमट्यात धरली आणि खापरातल्या लाखेत बुडवली. लाख उकळत नव्हती, नुसती हलत होती, आणि तेवढीच हवी होती. जास्त तापली की ती फेसाळते, थरांत हवा राहते, आणि हवा राहिलेली मूठ ऐन वेळी तडकते. उद्याची वेळ काही दोनदा यायची नव्हती.

तिनं पट्टी आधीच्या थरावर अंथरली, वरून विटेचा चाळलेला चुरा भुरभुरला आणि पाट्याच्या वरवंट्यानं दाबली. नवऱ्याचं हे काम ती जन्मभर बघत आली होती. विळ्या-खुरप्यांना लाकूड मिळालं नाही की तो गोणपाटाचे थर लाखेत आणि राळेत भिजवून त्याच्या दोन चिपा करी, पात्याच्या शेपटाला दोन्ही अंगांनी बसवी आणि म्हणे, लाकूड घामानं निसटतं, ही मूठ हाताला धरून राहते. उद्या तिच्या हाताला घाम येणार होता. म्हातारीचा हात, त्यात सांधे सुजलेले… पण एकदाच तर उचलायचा होता.

सुऱ्याचं पातं सासऱ्याच्या वेळचं. उन्हाळ्यात रझाकारांनी पडवी पेटवली तेव्हा लाकडी मूठ जळाली आणि पातं काळं होऊन राखेत राहिलं. सुताराकडं जावं, तर तो विचारणार, कशाला गं कडूबाई, बोकड कापायचंय का? आणि त्याचं तोंड म्हणजे गावची दवंडी. म्हणून लाख. पण लाखेला गोणपाट चाललं असतं की, मग पेटीच्या तळातून हे अंगडं कशाला काढलं? कशाला म्हणजे? माझ्या हातात माझ्या लेकराचं काहीतरी नको का? त्याचं प्रेतसुद्धा त्यांनी मला बघू दिलं नाही. दरीतून वर आणलं ते गोणपाटातच बांधून, आणि चार माणसं म्हणाली, सोडू नको बाई, तोंड राहिलं नाही.

केरबाच्या आधीची तीन राहिली नव्हती. म्हणून हा झाला तसा त्याला उकिरड्यावर ठेवला, पसाभर जोंधळे देऊन परत विकत घेतला आणि नाव ठेवलं केरबा. आणि मागून आणलेल्या चिंध्यांचं अंगडं घातलं की मूल जगतं, म्हणून ती ओली बाळंतीण पदर पसरून दारोदार हिंडली होती. गावानं दिलं. कुणी हसत दिलं, कुणी कुरकुरत दिलं, पण दिलं. आणि ते ठिगळाठिगळांचं अंगडं घालून केरबा जगला, रांगला, मिसरूड फुटून ती चांगली दाट होईपर्यंत जगला. तिचं स्वतःचं नावसुद्धा असंच ठेवलेलं. कडू… मरणानं तोंडात घेतलं तरी थुंकून टाकावं म्हणून. मला थुंकलं आणि त्याला गिळलं, ही कुठली रीत?

रीत नव्हे, बलभीम. बलभीम नाव त्याचं. निजामाविरुद्ध उठलेली पोरं ईट गावाच्या पलीकडं डोंगरात लपली होती, केरबा त्यांच्यात होता, आणि रझाकारांच्या पुढं पुढं चालत कपार कुणी दाखवली ते समोरच्या उतारावरून बिरदेव धनगरानं बघितलं होतं. एकट्या तिलाच त्यानं सांगितलं आणि हात जोडले, चावडीत माझं नाव घेऊ नको. तिनं घेतलं नाही. दिवाळीच्या आत निजाम गेला, रझाकार कुठं गेले कुणास ठाऊक, आणि बलभीमच्या डोक्यावर पांढरी टोपी आली. कशी चोपून बसवलेली असायची! उद्या चावडीपुढं झेंडा लागणार होता. हुतात्म्याची आई म्हणून तिला खुर्चीवर बसवणार होते आणि हार घालून सगळ्या गावादेखत बलभीम तिच्या पायाला हात लावणार होता. वाकणार होता. वाकलेल्या माणसाची मान कशी उघडी पडते हे ती आठ दिवस मनात बघत होती. त्या मानेवरचा तीळसुद्धा तिला दिसू लागला होता.

पुढची पट्टी उचलली आणि हात थांबला. हिरव्या खणाची होती. कडेला अजून रेशमाची चमक होती. द्वारकाबाईनं दिलेला तुकडा… बलभीमच्या आईनं. सगळ्या गावानं फाटकं दिलं, हिनं कोऱ्या खणाला कात्री लावली होती आणि म्हणाली होती, जगू दे गं, बरुबर खेळाया कुनीतरी हवंच की माज्या बल्याला. तिनं पट्टी बाजूला फेकली. मग पुन्हा उचलली. नाही, हिला बाहेर का ठेवू? हीच हवी. आईचा खण लेकाच्या मानेत जाऊ दे. खण लाखेत बुडताना तिला इतकं बरं वाटलं, की कितीतरी महिन्यांनी भूक लागल्यासारखी झाली.

दोन्ही चिपा जात्याखाली दाबून निवल्या, दगडावर घासल्यावर कडांना थरांच्या रेघा उमटल्या, निळ्या, तांबड्या, एक हिरवी. तापल्या तारेनं भोकं पाडली. आता फक्त तांब्याचे दोन खिळे ठोकायचे होते, आणि तिथंच घोडं अडलं. एका हातात हातोडी, एका हातात खिळा, तर पातं कुणी धरायचं? तीनदा निसटलं. चौथ्यांदा निसटलं तेव्हा दारातून आवाज आला.

"आना हिकडं काकू. म्या धरतो."

बलभीम होता. एकटाच. उद्याचं सांगायला आला असणार. टोपी हातात होती. तिनं पातं पुढं केलं, आणि तो समोर उकिडवा बसून ते दोन्ही हातांनी धरून राहिला. तिला हसू येऊ लागलं. धर, धर बाबा, नीट धर.

पहिला खिळा बसला. त्यानं मुठीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"ह्ये हिरवं आमच्या आईच्या खनाचं."

"व्हय."

"केरबाचं अंगडं मोडलं तुमी?"

"घालनारा ऱ्हायला न्हाय."

त्यानं अंगठा हिरव्या रेघेवरून काढला. मग खाली बघूनच म्हणाला, "बिरदेवानं सांगितलं आसंल तुमाला. मला दिसला व्हता त्यो. ठोका, धरलंय म्या."

हातोडी तिच्या हातात तशीच राहिली. तो सबबी सांगेल, मला मारहाण केली, माझ्या बापाला कोंडलं, असलं काहीतरी, आणि त्या एकेकीला द्यायचं उत्तर तिनं कधीच ठरवून ठेवलं होतं. त्यानं एकही सांगितली नाही.

"काकू, त्येला वडून काढला आसं लोक म्हनत्यात. वडला न्हाय. म्या हाक मारली. माजा आवाज वळकून त्यो आपल्या पायानं भायेर आला. हासत आला. म्हनला, भाकरी आनली का रं, बल्या?"

बाहेर कुणाच्या तरी बैलांच्या घुंगरांचा आवाज गेला. तिनं दुसरा खिळा ठेवला आणि ठोकला. कसा ठोकला तिचं तिला कळलं नाही, पण बसला. त्यानं पातं फिरवून मूठ तिच्या हातात दिली आणि तो तसाच बसून राहिला, मान खाली घालून. तीळ नव्हता मानेवर.

"उद्या चार लोकांत नगं," तो म्हणाला. "आत्ता कुनी न्हाय."

मूठ हाताला धरून राहिली होती. मेल्या, मरण मागायला आलास होय? माझ्या दारी? रागानं तिचे कान तापले. इतके महिने डोळा लागला की केसांना धरून फरफटत नेलेला केरबा दिसे, ओरडणारा, आई म्हणणारा, तोंड नसलेला. आणि आता तोंड होतं. हसत आला. कसं हसला? एका गालानं हसायचा तसं, की मोठ्यानं, मान मागं टाकून? आणि दाढी वाढली असेल का… ते तोंड या जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, या नीच माणसाच्या डोळ्यांत, आणि ते डोळे मिटले की ते कुणालाच दिसणार नव्हतं, तिलासुद्धा नाही. यासाठी त्याचा तिला पहिल्यापेक्षा जास्त द्वेष वाटला. त्यानं कपार दाखवली त्याहून जास्त, हे त्याच्यापाशी होतं आणि तिच्यापाशी नव्हतं म्हणून.

"हासला म्हंजी कसा?" ती म्हणाली.

त्यानं वर बघितलं.

"पयल्यापास्नं सांग. हाक कशी मारलीस तितपास्नं."

तो सांगू लागला. मुठीवरची तिची बोटं सैल झाली नाहीत. याचं सांगून झालं की आपण काय करू ते तिला कळत नव्हतं, आणि त्यानं भराभर बोलू नये एवढंच तिला वाटत होतं.